झांजा मिटल्या, आवाज मागून आला

उमराच्या पाण्याची मिरवणूक कॅसेटमध्ये साधारण सव्वा तासाने येते. पुढे बँड, मागे लुगडी नेसलेल्या बायका, मधोमध डोक्यावर पाण्याची भांडी घेतलेल्या दोघी. गोराई गावातल्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी असं वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात. बँडच्या कडेला एक झांजवाला आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. घामाने शर्ट पाठीला चिकटलाय. तो झांजा छातीसमोर आणतो, आपटतो आणि लगेच फाकवतो. मी संगणकावर उतरवलेल्या पहिल्या फाइलमध्ये त्याच्या झांजा मिटायच्या, उघडायच्या, तो पुढचं पाऊल टाकायचा आणि मग आवाज यायचा.

ज्या आंटींची ही कॅसेट, त्यांनी दोनच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय बोलतेय, पण तिचा आवाज दुसरीकडूनच येतोय." पडद्यावर तेव्हा त्यांची आई होती. १९९१ साली कोणाला तरी हाक मारणारी, आणि आता हयात नसलेली. ओठ हलून थांबले, मग हाक ऐकू आली. त्या हाकेची मला लाज वाटली, कारण कॅसेटमध्ये असं काही बिघडलेलंच नव्हतं. टीव्हीला व्हीसीआर जोडून तीच कॅसेट लावली, तर झांजा आणि त्यांचा आवाज एकाच क्षणी येत होता. ताटातूट झाली ती माझ्या टेबलावर. हे प्रकरण त्या ताटातुटीबद्दल आहे: ती का होते, आणि ती होऊच नये म्हणून काय करायचं.

बाहेरच्यांसाठी जागेबद्दल थोडं सांगतो. गोराई नावाच्या दोन जागा आहेत. खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेला, म्हाडाची गोराई: १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक बँकेच्या मदतीने आखलेल्या योजनेतली बैठी घरं आणि सोसायट्या. खाडीच्या पलीकडे जुनं गोराई गाव: होली मॅजाय चर्च, मळे, कोळ्यांच्या होड्या. मधे तिवरं आणि फेरीबोट. मी अलीकडचा. आंटी पलीकडून तीन कॅसेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बोटीने घेऊन आल्या. पहिल्याच कॅसेटमध्ये खाडीचं एक दृश्य आहे. आज बोटीत बसलं की नजरेत भरतो तो विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट त्यात नाही, कारण त्याचं उद्घाटन २००९ सालचं. अशी दृश्यं सरकारी दप्तरात सापडत नाहीत. ती लग्नाच्या कॅसेटींमध्ये, नवऱ्यामुलाच्या मागे, चुकून आलेली असतात.

आता कॅसेटच्या पोटात पाहू.

व्हीएचएस पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६मध्ये आणली. १९८२च्या एशियाडच्या सुमाराला आपल्याकडे रंगीत टीव्ही आला, त्यामागोमाग व्हीसीआर, आणि मग गल्लोगल्ली कॅसेट लायब्ररी. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची साधारण अडीचशे मीटर फीत असते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ती सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. एवढ्या संथ चालीत चित्र मावणं शक्य नाही. चित्राला फार वेग लागतो. म्हणून यंत्रात ६२ मिलिमीटर व्यासाचा एक तिरका ड्रम असतो. तो मिनिटाला १५०० फेरे घेतो, आणि त्याच्यावर बसवलेली हेडं फितीवर तिरप्या रेघा ओढत जातात. अशा हिशेबाने हेड आणि फीत यांच्यातला वेग सेकंदाला जवळजवळ पाच मीटर होतो, म्हणजे फितीच्या स्वतःच्या चालीच्या दोनशे पट. दर रेघेत अर्धं चित्र, दर फेऱ्याला एक पूर्ण चित्र, सेकंदाला २५ चित्रं.

आवाजाचं तसं नाही. साधा आवाज फितीच्या एका काठाने, सरळ, चिंचोळ्या पट्ट्यावर लिहिलेला असतो. तो वाचणारं हेड ड्रमवर नसतं. ड्रम ओलांडून फीत पुढे गेली की एका खांबावर ते स्थिर बसवलेलं असतं. ड्रम आणि त्या हेडातलं अंतर सुमारे आठ सेंटिमीटर. सरकण्याच्या वेगाने भागलं तर हे साडेतीन सेकंदांच्या जवळ जातं. म्हणजे झांजा मिटल्याचं चित्र फितीवर जिथे आहे, तिथे त्यांचा आवाज नाहीच. तो तिथून आठ सेंटिमीटरवर आहे. तरीही टीव्हीवर दोन्ही एकदम येतात, कारण मुद्रण करणाऱ्या यंत्रात जेवढं अंतर होतं, तेवढंच ते चालवणाऱ्या यंत्रातही असतं. हे अंतर जगभरच्या कारखान्यांनी सारखं पाळलं, म्हणून गोराईत घेतलेली कॅसेट दुबईतल्या भावाच्या व्हीसीआरवरही जुळून चालली.

बोलपटाच्या रिळातही हीच युक्ती होती. १९३१च्या 'आलम आरा'पासून किंवा प्रभातच्या १९३२च्या 'अयोध्येचा राजा'पासून पुढे थिएटरात जाणाऱ्या फिल्मवर आवाजाचा पट्टा आपल्या चित्राच्या वीसेक चौकटी पुढे छापलेला असायचा, कारण प्रोजेक्टरमध्ये दिवा एकीकडे आणि आवाज वाचणारा भाग दुसरीकडे. चित्र आणि आवाज यांची जोडी आधीपासूनच अशी ठरावीक अंतराने चालत आली आहे. अंतर असल्याने काही बिघडत नाही. अंतर बदललं की बिघडतं.

संगणकावर ते बदलतं कसं?

मी पहिल्यांदा केलं ते बहुतेक जण करतात. व्हीसीआरच्या मागून निघालेली पिवळी वायर बाजारात मिळणाऱ्या एका स्वस्त यूएसबी कॅप्चर पट्टीत, आणि आवाजाची वायर संगणकाच्याच साउंड कार्डात. चित्र एका वाटेने आत गेलं, आवाज दुसऱ्या. दोन्ही वाटांवर स्वतंत्र घड्याळ. घड्याळ म्हणजे क्वार्ट्झचा इवलासा स्फटिक. साउंड कार्ड त्याच्या ठोक्यावर सेकंदाला ४८,००० नमुने घेतं, पट्टी तिच्या ठोक्यावर चित्रं मोजते. दोन स्फटिक कधीच अगदी सारखे चालत नाहीत. दहा हजारांत एक भाग एवढा फरक धरा. हातातलं घड्याळ असं चुकलं तर दिवसाला आठ-नऊ सेकंद चुकेल. फाइलमध्ये त्याचा अर्थ असा की तासाला ०.३६ सेकंद. तीन तासांची कॅसेट संपताना एक सेकंदाहून जास्त.

कानाला हे किती लवकर कळतं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत याचे आकडे आहेत: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतं. पुढे गेलेला आवाज जास्त खटकतो, याचं कारण आपल्या खाडीवर उभं राहिलं की समजतं. पलीकडच्या काठावर कोणी होडीला खिळा ठोकत असेल, तर हातोडा वर उचलला गेल्यावर ठोका ऐकू येतो. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास चालतो, प्रकाश जवळजवळ क्षणात पोचतो. मागून येणाऱ्या आवाजाची माणसाला जन्मापासून सवय आहे. ठोक्याच्या आधी आलेला ठोका त्याने कधी ऐकलेलाच नसतो. वरच्या हिशेबाने आवाज पुढे सरकत असेल तर साडेसात मिनिटांत, मागे पडत असेल तर वीस-एकवीस मिनिटांत डोळा आणि कान एकमेकांशी भांडू लागतात.

एवढ्यावर थांबत नाही. दुसरं कारण याहून मोठं आहे आणि जुन्या कॅसेटींत ते हमखास भेटतं. त्या लग्नाच्या कॅसेटमध्ये बावन्नाव्या मिनिटाला फीत चुरगळलेली आहे. कधीतरी कोणत्या तरी व्हीसीआरने ती खाल्ली असणार. टीव्हीवर तिथे चित्र थरथरतं, पांढऱ्या रेघा येतात, मग सावरतं. टीव्ही समजूतदार आहे, तो जमेल ते दाखवतो. कॅप्चर पट्टी तशी नाही. प्रत्येक चित्राच्या सुरुवातीची खूण सापडली नाही तर ती ते चित्र मोजतच नाही, सोडून देते. आवाज मात्र त्याच्या वाटेने अखंड चालू असतो. माझ्या फाइलमध्ये तिथे १२ चित्रं गळली होती. सेकंदाला २५ म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद चित्रातून कापला गेला, आवाजातून नाही. आधीचा घड्याळांचा फरक आणि हा अर्धा सेकंद मिळून सव्वा तासाला झांजा जवळजवळ एक सेकंदाने सुटल्या.

म्हणून कोणाची फाइल जुळत नसली, की मी आधी एकच विचारतो: फरक हळूहळू वाढत गेला, की एका जागी उडी मारली? उतारासारखा वाढत गेला तर घड्याळं भांडताहेत. पायरीसारखा पडला तर चित्रं गळली आहेत. आणि पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारखाच असला, तर मधल्या एखाद्या यंत्राने चित्र एक-दोन चौकटी उशिरा दिलं आहे, तो आजार सर्वांत सोपा: आवाजाचा पट्टा तेवढा सरकवला की झालं. हे ओळखायला कॅसेटमधली टाळी शोधायची. सिनेमावाल्यांची क्लॅपची पाटी याचसाठी असते. लग्नात पाटी नसते, पण केक कापल्यावर टाळ्या असतात, फटाके असतात, ग्लासवर ग्लास आपटतात. आणि बँड असला तर झांजा! इतकी नेमकी खूण दुसरी नाही. कॉर्नेटचा सूर कधी लागला ते चित्रात दिसत नाही, झांजा मिटल्या ती चौकट बोट ठेवून दाखवता येते. सुरुवातीची एक, मधली एक, शेवटची एक अशा तीन जागा तपासायच्या. सुरुवात जुळली म्हणून निर्धास्त राहणं हीच माझी पहिली चूक होती.

उताराचा आजार नंतरही बरा होतो. शेवटी किती फरक पडला ते मोजायचं आणि संपूर्ण आवाज त्या प्रमाणात किंचित आखडायचा किंवा ताणायचा. दहा हजारांत एक भागाने सुराची पट्टी बदलत नाही, कानाला काही कळत नाही. पायऱ्यांचं तसं नाही. तिथे प्रत्येक गळती शोधून, कापून, जोडून पुढे जावं लागतं. खराब फितीत अशा पायऱ्या चाळीस-पन्नासही असू शकतात. आंटींच्या दुसऱ्या कॅसेटवर मी असे दोन रविवार घालवले आणि मग ती फाइल पुसून टाकली. पुन्हा पहिल्यापासून उतरवणं कमी कष्टाचं होतं, आणि जास्त प्रामाणिकही.

पुन्हा उतरवताना तीन गोष्टी बदलल्या. पहिली, चित्र आणि आवाज दोन्ही एकाच कॅप्चर यंत्रात घातले. एकच घड्याळ दोघांना मोजत असेल तर ते चुकलं तरी दोघांना सारखंच चुकवतं, आणि सारखं चुकलेलं कोणाला दिसत नाही. दुसरी, व्हीसीआर आणि कॅप्चर यंत्र यांच्या मधे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर बसवला, नुसता जाता-येता. यातली काही मॉडेलं आत आलेलं डगमगतं चित्र स्वतःच्या स्मृतीत धरून, कडा सरळ करून, ठरल्या ठोक्याला बाहेर सोडतात. व्यावसायिक स्टुडिओत या कामाला टाइम बेस करेक्टर नावाचं वेगळं यंत्र असतं आणि ते महाग असतं. चुरगळलेल्या बावन्नाव्या मिनिटाला आता चित्र आधीइतकंच वाईट दिसलं, पण मोजणीतून गळलं नाही. वाईट चित्र चालेल. नाहीसं झालेलं चित्र आपल्याबरोबर पुढचा सगळा आवाज ओढून नेतं.

तिसरी गोष्ट संगणकाच्या आतली. उतरवतानाच लहान फाइल करायचा मोह टाळायचा. ७२० गुणिले ५७६ बिंदूंचं चित्र, सेकंदाला पंचवीस वेळा, काहीही न दाबता ठेवलं तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. हफवाययूव्हीसारख्या, चित्रातलं काहीही न गमावता दाबणाऱ्या पद्धतीने ते साधारण निम्म्यावर येतं. चालत्या कामात जास्त दाबायला लावलं की प्रोसेसर धापा टाकतो आणि पुन्हा चित्रं गळतात, या वेळी फीत चांगली असूनही. व्हर्च्युअलडबसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर चालू असताना बाजूला दोन आकडे दिसतात: किती फ्रेम सोडल्या, किती नव्या घुसवल्या. तीन तास माझी नजर त्या आकड्यांवर असते. शून्य आणि शून्य असेल तर फाइलला हातही लावावा लागत नाही. दोन-चार घुसवलेल्या चालतात, कारण गळलेल्या जागी आधीचंच चित्र पुन्हा ठेवलं की मोजणी बिघडत नाही.

हे सगळं व्हायच्या आधी कॅसेट चालण्याजोगी हवी. खाडीकाठच्या घरांचा शत्रू दमट हवा. कॅसेटच्या काचेतून पाहिलं तर गुंडाळलेल्या फितीच्या कडेला पिठासारखा पांढुरका थर दिसतो, ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये कधीच घालू नये. ती हेडं तर बुजवतेच, पण तिचे बीजाणू पुढच्या कॅसेटीत जातात. सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात आठवडाभर वाळवायची, मग तोंडाला मास्क लावून उघडायची, आणि पुसायला एक जुनापुराणा व्हीसीआर वेगळाच ठेवायचा. जुलै-ऑगस्टमध्ये मी हे काम हाती घेत नाही. ओल धरलेली फीत फिरत्या ड्रमला चिकटते. व्हीसीआरच्या पुढच्या बाजूला 'ड्यू' असं अक्षर चमकायचं आणि बटणं चालेनाशी व्हायची, ते याच भीतीने. हेड पुसायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं मऊ चामडं ड्रमला टेकवून धरायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली कधी घासायचं नाही, हेडाचं टोक तुटतं, आणि नवं मिळत नाही. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६च्या जुलैमध्ये थांबली. तेव्हापासून प्रत्येक चालू यंत्र हे उरलेल्यांपैकी एक आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांतून येणाऱ्या कॅसेटींबद्दल एक सावधगिरी. त्या एनटीएससी पद्धतीच्या असतात, सेकंदाला २९.९७ चित्रं. कोणी सॉफ्टवेअरमध्ये सरळ ३० लिहिलं तर तासाला ३.६ सेकंदांचा उतार तयार होतो. न्यू जर्सीच्या गणपतीत आरती संपते आणि टाळ्या नंतर वाजत राहतात. आकडा दुरुस्त केला की फाइल दुरुस्त.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त प्रिय आहे. लग्नाच्या शूटिंगवाल्यांची तेव्हा पद्धत होती: मिरवणुकीवर, हळदीवर, सिनेमाची गाणी चढवायची. मूळ आवाज पुसून. घरच्यांना तेव्हा ते आवडायचं. आज त्यांना गाणं नको असतं, गाण्याखाली गेलेली माणसं हवी असतात. बहुतेक वेळा ती गेलेलीच असतात. पण चांगल्या प्रतीच्या हायफाय व्हीसीआरवर आवाज दोन ठिकाणी लिहिला जातो. एक तो काठावरचा पट्टा, आणि दुसरा फिरत्या ड्रमवरूनच, चित्राच्या खाली, फितीच्या खोल थरात. मागाहून गाणं चढवता येतं ते फक्त काठावरच्या पट्ट्यावर. खोलातला आवाज चित्रासोबतच लिहिला जातो, चित्र पुसल्याशिवाय तो पुसता येत नाही. त्यामुळे मूळ मुद्रण हायफायवर झालं असेल आणि हाती आलेली कॅसेट तीच मूळ असेल, तर गाण्याखाली त्या दिवसाचा सगळा गलका शाबूत सापडतो. असं क्वचित होतं. हायफाय यंत्रावर आवाजाचा स्विच एकदा इकडून तिकडे करून पाहायला मात्र काही लागत नाही. आंटींच्या तिसऱ्या कॅसेटवर मी तो स्विच केला. खाली काही नव्हतं, फक्त खरखर.

युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने आणि ध्वनी-चित्र संग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९मध्ये इशारा दिला होता की चुंबकीय फितींवरचं जे २०२५पर्यंत उतरवलं जाणार नाही, त्यातलं बरंच कायमचं जाईल: फिती कुजताहेत म्हणून, आणि त्याहून जास्त, यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात संपताहेत म्हणून. मोठ्या संस्था आपापल्या परीने लागल्या आहेत. मुंबईत 'कॅम्प', 'मजलिस', 'पॉइंट ऑफ व्ह्यू' यांनी बंगळुरू आणि बर्लिनच्या साथीदारांसह २००८मध्ये 'पॅड डॉट एमए' हा खुला संग्रह सुरू केला. त्यात चित्रफितीच्या प्रत्येक तुकड्याखाली, सेकंदाच्या हिशेबाने, कोण बोलतंय, काय दिसतंय, हे लिहून ठेवता येतं. मला त्यातलं सेकंदाचं महत्त्व फार पटतं. आवाज सुटलेल्या फाइलवर असं टिपण केलं तर शब्द एका माणसाचे आणि चेहरा दुसऱ्याचा. घरातली कॅसेट मात्र कोणतीच संस्था उतरवायला येणार नाही. ती घरच्यांनीच उतरवायची आहे.

नवी फाइल तयार झाल्यावर मी आधी झांजवाला काढला. उजवीकडचं बटण दाबत एकेक चौकट पुढे. झांजा दोन विती लांब, एक वीत, चार बोटं, मिटल्या. आणि खाली आवाजाच्या आलेखात त्याच रेघेवर उभा सुळका. मग दोन तास चाळीस मिनिटांवरची टाळी पाहिली. तीही जागेवर.

आंटी पुढच्या रविवारी सकाळच्या बोटीने आल्या. मिरवणूक आली तेव्हा काही बोलल्या नाहीत. त्यांची आई पडद्यावर वळली, हाक मारली, आणि ज्याला हाक मारली तो मुलगा फ्रेमच्या बाहेरून "आलो गे" म्हणाला. पहिल्या फाइलमध्ये ते "आलो गे" दुसऱ्याच माणसाच्या चेहऱ्यावर पडलं होतं, म्हणून आम्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आंटींनी ती जागा तीनदा लावायला सांगितली. मग कॅसेटच्या खोक्यातून शूटिंगवाल्याची पिवळी पडलेली चिठ्ठी काढली आणि तिच्या मागच्या बाजूला मला लिहायला लावलं: उमराचं पाणी, १ तास १२ मिनिटं ४० सेकंद. बायचा आवाज, १ तास १४ मिनिटं ५ सेकंद. खाली त्यांनी स्वतः त्या मुलाचं नाव लिहिलं.